सातच्या बॅचला बसायचंय? आधी हे वाचा

गेल्या अंकात दोन ओळींचं निवेदन दिलं होतं: कामावरून सुटल्यावर संध्याकाळी काही शिकायचं मनात असेल, तर क्लासची फी भरण्याआधी मला पत्र टाका. ठाणे आणि नवी मुंबईतून इतकी पत्रं आली की सगळ्यांना इथे जागा देणं शक्य नाही. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून फक्त वस्तीचं नाव ठेवलं आहे. मी स्वतः सरकारी आयटीआयमध्ये वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) ट्रेडचा शिल्पनिदेशक, म्हणजे शिकवणारा मास्तर होतो, आता निवृत्त होऊन नौपाड्यात राहतो. त्यामुळे माझा कल वायर, मोटार, पान्हा यांच्याकडे जरा जास्त असणार, तेवढं धरून चाला.

मी ३९ वर्षांची, बी.कॉम. लग्नाआधी एका होलसेल दुकानात हिशेब लिहायचे. मुलगा आता नववीत आहे. कळव्याहून ठाण्याला येऊन टॅली आणि जीएसटीचा दोन महिन्यांचा क्लास करावा म्हणते. फी १४ हजार. आमचे हे म्हणतात, आता सगळं एआय करणार, कशाला पैसे घालवतेस? काय करू?
एक भगिनी, कळवा

ताई, यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. बिलाचा फोटो काढला की रक्कम, तारीख, जीएसटी क्रमांक आपोआप उचलणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. ज्याचं काम फक्त दिवसभर बिलं बडवत बसायचं होतं, त्याची नोकरी पातळ झाली हे मान्य. पण वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लहान कारखानदाराला विचारा, त्याला माणूस कशाला हवाय. तो सांगेल, तारखा सांभाळायला आणि पार्टीला फोन करायला.

तारखा कुठल्या? ७ ला आधीच्या महिन्यात कापलेला टीडीएस भरायचा. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे आपण कुणाला काय विकलं त्याची यादी. १४ ला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं, म्हणजे आपल्याला विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी. १५ ला पीएफ आणि ईएसआयसी. २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याच्या जीएसटीचं विवरणपत्र, आणि त्याचबरोबर तो कर भरायचा. (लहान व्यापाऱ्यांना तिमाही पद्धत घेता येते, त्यांच्या तारखा जरा वेगळ्या.) यातली १४ तारीख नीट समजून घ्या, कारण तुमचा पगार त्या तारखेवर उभा राहणार आहे. समजा मालकाने भिवंडीच्या पार्टीकडून १ लाखाचा माल घेतला आणि वर १८ टक्क्यांनी १८ हजार जीएसटी दिला. पार्टीने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये ते बिल दाखवलंच नाही, तर ते आपल्या २बीत येत नाही आणि त्या महिन्यात १८ हजारांची वजावट मिळत नाही. मालकाला तेवढे पैसे खिशातून भरावे लागतात. १४ तारखेला खरेदीची वही आणि २बी शेजारी ठेवून ही भानगड पकडणारी, आणि "शेठ, आमचं अमुक नंबरचं बिल राहिलंय, पुढच्या महिन्यात नक्की टाका बरं का" असं गोड पण चिवटपणे बोलणारी बाई कुठल्याही मालकाला हवीच असते. भिवंडीच्या शेठला तीनदा फोन करून लाजवणारं एआय अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

आता क्लास कसा पारखायचा. टॅली विकत न घेताही 'एज्युकेशनल मोड'मध्ये चालतं. त्या मोडमध्ये व्हाउचरवर महिन्याची १, २ आणि शेवटची तारीख एवढंच टाकता येतं. त्यामुळे अनेक क्लासांत साऱ्या वर्षाच्या नोंदी एक तारखेच्या! मुलं एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस अशी बोटं पाठ करतात आणि सर्टिफिकेट घेऊन निघतात. मग नोकरीच्या ठिकाणी बँकेचं स्टेटमेंट जुळवायला बसवलं की घाम फुटतो. २८ तारखेला दिलेला चेक पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला वटतो, मधल्या काळात आपल्या वहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक वेगळी दिसते, हे त्यांनी पडद्यावर कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून क्लासमध्ये दोनच गोष्टी विचारा: टॅली परवान्याचं आहे का, आणि बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे ही जुळवणी, कुठल्या खऱ्या कागदांवर शिकवता. "सगळं कव्हर होतं मॅडम" एवढंच उत्तर आलं, तर पर्स उचला आणि निघा.

तुम्हाला जमा-नावे, किर्द, खतावणी येते. आजच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांना ती येत नाही. तेव्हा पहिले पंधरा दिवस तुमच्यासाठी फुकट जाणार, हे क्लासवाल्याला स्पष्ट सांगा आणि फी कमी करून मागा, नाहीतर दोन भागांत भरा. त्याआधी घरच्या लॅपटॉपवर तोच एज्युकेशनल मोड उतरवून आठवडाभर हात बसवून बघा, त्याला पैसा पडत नाही. जोडीला एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल एवढं तरी यायलाच हवं. क्लास संपला की थेट मोठ्या पगाराच्या मागे न लागता एखाद्या सीएच्या किंवा करसल्लागाराच्या ऑफिसात एक सीझन काढा. जुलैपासून दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे माणसं कमीच पडतात, आणि चार वेगवेगळ्या धंद्यांची पुस्तकं एका टेबलावर बघायला मिळतात.

स्पोकन इंग्लिशचा क्लास आधी करू की कामाचा?
एक वाचक, ऐरोली

कामाचा. हत्यारांची, फॉर्मची, पडद्यावरची नावं इंग्रजीतच असतात, ती काम करता करता तोंडात बसतात. कॉल सेंटर किंवा हॉटेलच्या रिसेप्शनवर बसायचं असेल तर मात्र क्रम उलटा.

मी रबाळे एमआयडीसीत ठेकेदाराकडे इलेक्ट्रिकल हेल्पर आहे. वय २८, दहावी पास. सात वर्षं झाली, वायरिंग, मोटार कनेक्शन सगळं करतो, पण कागद नाही म्हणून पगार हेल्परचाच. एका क्लासने सांगितलंय, तीन महिन्यांत वायरमनचं लायसन्स मिळवून देतो, २५ हजार पडतील. करू का, सर?
एक वाचक, घणसोली

तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. २५ हजार आधी खिशात परत ठेव.

तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा परवाना राज्य सरकार देतं आणि तो विषय विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडे येतो. क्लासवाला फार तर तुझा फॉर्म भरून देईल, परवाना त्याच्या हातात नाही. "मिळवून देतो" हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. त्याला एवढंच म्हण: सर्टिफिकेट कुठल्या मंडळाचं मिळणार आणि ते परवान्यासाठी चालतं का, हे तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. दिलंच लिहून, तर तो कागद घेऊन विद्युत निरीक्षकांच्या ठाण्याच्या ऑफिसात जा आणि तिथे विचार. बहुतेक तो लिहून देणारच नाही, म्हणजे तुझी फेरीही वाचली.

मग कागद मिळवायचा कसा? आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड दोन वर्षांचा आणि दिवसाचा, नोकरी सोडून ते तुला परवडणार नाही. पण कामाचा अनुभव असलेल्या माणसाला अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला (आयटीआयची मुलं देतात तीच) खासगी उमेदवार म्हणून बसायची सोय आहे. वयाच्या आणि अनुभवाच्या अटी, अर्जाच्या तारखा सरकारी आयटीआयच्या ऑफिसात समजतील. अनुभवाचं पत्र द्यायला ठेकेदार खळखळ करील, करतातच. तुझा पीएफ कापला जात असेल तर त्याच्या पासबुकात महिन्यागणिक नोंद आहे, ती छापून ठेव. शिवाय 'पूर्वशिक्षणाची मान्यता', ज्याला सगळे आरपीएल म्हणतात, तीही आहे. त्यात तुला येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. आयटीआयची बरोबरी ते करत नाही आणि परवानाही नव्हे, पण अगदीच कोऱ्या हाताने मुलाखतीला जाण्यापेक्षा बरं.

संध्याकाळचा क्लास करायचाच तर पॅनेल वायरिंगचा कर. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत तुमच्या पट्ट्यात कारखाने आहेत, कारखान्यात मोटारी आणि मोटारीमागे स्टार्टर. मुलाखतीला मी बसलो असतो तर तुला एकच प्रश्न विचारला असता: हिरवं बटण दाबलं की मोटार सुरू होते, बोट काढलं की बंद पडते. काय तपासशील?

हेल्पर म्हणतो, बटण बदलू. ज्याला सर्किट कळतं तो म्हणतो, होल्डिंग बघू. बटण दाबल्यावर कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचची, कॉइल ओढली जाते, आणि तिच्याबरोबर एक छोटा सहायक कॉन्टॅक्ट मिटतो. तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. म्हणून बोट काढलं तरी कॉइलला त्या वाटेने वीज मिळत राहते. तो कॉन्टॅक्ट झिजला, त्याची वायर निसटली किंवा कुणी जोडायलाच विसरलं, की मोटार बोटाबरोबर चालते आणि बोटाबरोबर थांबते. हे कागदावर पेन्सिलीने काढून सांगता आलं पाहिजे. सात वर्षांत हे जोडताना तू शंभरदा पाहिलं असशील, पण आखून दाखव म्हटल्यावर अडशील, असा माझा अंदाज आहे. क्लास त्यासाठी हवा.

तसंच स्टार-डेल्टाचं, म्हणजे मोटार आधी स्टार जोडणीत सुरू करायची आणि वेग आला की डेल्टात टाकायची. मोठी मोटार थेट सुरू केली तर पहिल्या क्षणी ती नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ च्या जागी साधारण २४० व्होल्ट मिळतात आणि लाइनचा करंट एक तृतीयांशावर येतो. पण मोटारीचा जोरही एक तृतीयांश होतो, म्हणून मालाने भरलेला कन्व्हेअर स्टारमध्ये हलत नाही आणि ऑपरेटर तुझ्या नावाने शंख करतो. असं 'का' सांगणारा मास्तर भेटला तर तिथे बस.

एक संध्याकाळ आधी नुसतं जाऊन बघ. एका पॅनेलवर किती पोरं आहेत ते मोज. दोन-तीन ठीक, दहा असतील तर आठजण नुसते बघे. आणि मास्तर पॅनेल उघडण्याआधी मेन बंद करून, कुलूप घालून, टेस्टरने खात्री करून मगच हात घालतो का, ते पाहा. मी नव्या बॅचला पहिले काही दिवस फक्त तेवढंच करायला लावायचो. मुलं कंटाळायची. कंटाळू देत!

सरकारी क्लार्कच्या परीक्षांसाठी एमएस-सीआयटी करू की टायपिंग?
एक भगिनी, नेरूळ

या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एमएस-सीआयटी २००१ पासून चालू असलेला संगणक ओळखीचा कोर्स आहे. संगणक टायपिंगची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट असे तिचे टप्पे असतात. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत टायपिंगची अट असतेच, तेव्हा वेळ एकालाच असेल तर टायपिंग आधी. बोटं बसायला महिने लागतात.

मी बारावी कॉमर्स, वय २४, मॉलमध्ये बिलिंगला आहे. विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर 'एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ, १०० टक्के नोकरी' असे फलक लागलेत. सहा महिने, संध्याकाळी ७ ते ९, फी ८५ हजार. पण "नो कॉस्ट ईएमआय" आहे म्हणतात. आधार आणि पॅन मागितलंय. देऊ का?
एक वाचक, कामोठे

देऊ नकोस. निदान पुढचं वाचेपर्यंत तरी नको.

हा 'हप्ता' बऱ्याच ठिकाणी क्लासचा हप्ता नसतोच, एखाद्या वित्तकंपनीचं कर्ज असतं. पूर्ण ८५ हजार क्लासच्या खात्यात सुरुवातीलाच जमा होतात आणि तू कर्जदार होतोस. पुढे क्लास आवडला नाही, शिफ्ट बदलली, शटरच खाली आलं, तरी हप्ता चालूच. थकवलास तर सिबिल बिघडतो, आणि उद्या घरासाठी, गाडीसाठी बँकेच्या दारात गेलास की ते तोंडावर येतं. हा करार काउंटरवरच्या ताई गोड बोलत असताना मोबाइलवर आलेल्या ओटीपीत उरकलेला असतो. म्हणून विचार: कर्ज कोण देतंय? करारपत्र आधी घरी वाचायला द्या. मग बघ चेहरे.

आता नोकरीचं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. नोकऱ्या तिथे आहेत, त्यात खोटं काही नाही. पण त्या विमान कंपन्या, ग्राउंड हँडलिंगवाले, सुरक्षा एजन्सी, आतली दुकानं देतात, आणि घेतलेल्या माणसाला आपल्या पद्धतीचं प्रशिक्षण स्वतः देतात. आत पाऊल टाकायला विमानतळाचा प्रवेश परवाना लागतो. तो नागरी विमान सुरक्षा ब्यूरोच्या नियमांनी मिळतो, त्यासाठी काम देणारी संस्था अर्ज करते आणि माणसाची पार्श्वभूमी तपासली जाते. कामोठ्यातला क्लास त्या साखळीत कुठेच बसत नाही. सहा महिने टाय बांधणं, केस चापून बसवणं आणि "वेलकम ऑन बोर्ड" यावर ८५ हजार? ज्या पदांना बारावी चालते त्यांच्या भरतीत थेट जा, कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर जाहिराती येतात. भरतीसाठी कुणी पैसे मागितले की तिथून पाय काढ.

त्या फलकाचा फोटो मात्र काढून ठेव. १३ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, आणि नोकरीच्या हमीचा खोटा दावा करायला त्यात मनाई आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. एखादा मित्र आधीच पैसे भरून अडकला असेल तर त्यालाही तो दे.

संध्याकाळच मोकळी असेल तर तुला मी वेगळी वाट सुचवतो, जरा रुक्ष आहे. आयात-निर्यातीची कागदपत्रं शीक. उरणचं बंदर, म्हणजे आपलं न्हावाशेवा, १९८९ पासून चालू आहे, आणि त्याच्या जिवावर वाशी, बेलापूर, पनवेलला कस्टम एजंटांची आणि फॉरवर्डरांची (मालाची वाहतूक ठरवून देणाऱ्यांची) ऑफिसं पसरली आहेत. कस्टमला मालाची माहिती द्यायला निर्यातीला शिपिंग बिल, आयातीला बिल ऑफ एंट्री, जोडीला इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, आणि हे सगळं आयसगेट या कस्टमच्या पोर्टलवर. मालाचा आठ आकडी कोड चुकला तर ड्युटीचा दर चुकतो. इनव्हॉइसवर ४८० खोकी आणि पॅकिंग लिस्टवर ४०८ असली तर कंटेनर जागेवर उभा राहतो आणि त्याचं भाडं घड्याळाच्या काट्याबरोबर चढतं. तू मॉलमध्ये दिवसभर कोड, दर, नग हेच तर बघतोस! तुझी नजर त्याला तयार आहे. आणि विमानतळावर फक्त माणसं उतरत नाहीत, मालही उतरतो. त्यालाही हेच कागद लागतात. अशा क्लासमध्ये जुन्या, निकाली निघालेल्या फायलींच्या प्रती समोर ठेवून शिकवतात का, ते विचार. नुसत्या स्लाइड दाखवत असतील तर दुसरा शोध.

वागळे इस्टेटमधली कंपनी बंद झाली, हिशेबाचे पैसे मिळाले. २६ वर्षं फिटर होतो, वय ५३. एसी रिपेअरिंगचा संध्याकाळचा कोर्स करून स्वतःचं दुकान टाकावं का? या वयात वर्गात बसायला संकोच वाटतो.
एक वाचक, किसननगर

भाऊ, संकोचाचं पहिलं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा तिथे दिवसभर राबून आलेली बायका-माणसंच पाटी घेऊन बसली. आपण त्यांच्याच रांगेतले.

कोर्स करा, दुकान टाकू नका. फिटरचा हात एसीच्या कामात सोन्यासारखा. तांब्याच्या नळीचं फ्लेअरिंग (तोंड रुंद करणं), ब्रेझिंग (झाळून जोडणं) तुम्हाला दोन दिवसांत बसेल. अडचण बाहेरच्या युनिटची. घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर खिडकीबाहेर पाय टाकून पट्ट्याशिवाय लोंबकळणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. मला ते बघवत नाही, आणि ५३ व्या वर्षी तुम्ही ते करायचं नाही. त्यासाठी पट्टा लावून चढणारा तरुण जोडीदार घ्या. तुम्ही जोडणी, गळती शोधणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं बघा. इन्व्हर्टर एसीचे बोर्ड दुरुस्त करायला शिकलात तर ते टेबलावर बसून करायचं काम आहे, आणि ते येणारी माणसं कमी आहेत.

क्लास निवडताना एकच पारख सांगतो. "गॅस भरायला शिकवतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. एसीतला गॅस वापरून संपत नसतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधणं, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढणं, आणि मग वजन करून गॅस, हा क्रम जिथे शिकवतात तोच क्लास. हल्ली घरगुती एसीत आर-३२ हा गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो. जुन्या आर-२२ च्या सवयीने लाइनमध्ये गॅस असताना ब्रेझिंगची ज्योत लावणारे महाभाग अजून आहेत.

मे महिन्यात शिकायला जाऊ नका, तेव्हा चांगला मास्तर स्वतः शिड्यांवर असतो. पावसाळा उतरला की सुरू करा, मार्चपर्यंत हात तयार. हिशेबाचे पैसे बँकेत राहू देत. मॅनिफोल्ड गेज, व्हॅक्यूम पंप, क्लॅम्प मीटर, फ्लेअरिंग टूल एवढं घ्या आणि पहिलं वर्ष दुसऱ्याच्या हाताखाली काढा.

संध्याकाळी ६ ते ८, सहा महिन्यांत "नर्सिंग कोर्स" अशी जाहिरात आहे. मी ३४ वर्षांची, दहावी. करू का?
एक भगिनी, कोपरी

करा, पण नर्स होणार नाही हे ठाऊक असू द्या. नर्सिंगच्या एएनएम कोर्सला दोन वर्षं, जीएनएम कोर्सला तीन वर्षं लागतात आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. सहा महिन्यांत तुम्ही रुग्णसहायक होता, ज्याला जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात. त्याच नावाने शिकवणारा क्लास निवडा. जो 'नर्स' म्हणून शिकवतो तो पहिल्याच दिवशी खोटं बोलला.

काम मात्र मोलाचं आहे. ठाण्यात म्हातारे आईवडील एकटे आणि मुलं पुण्याला किंवा परदेशी, असं प्रत्येक सोसायटीत एक तरी घर सापडेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलायला लावणं, पाठ, टाचा, माकडहाड लाल होतंय का पाहणं, भरवताना डोकं वर उचलून बसतं करणं. यातलं एक चुकलं तर जखम होते, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. हे बाहुलीवर आणि मग हॉस्पिटलच्या वॉर्डात करून घेतात का, ते विचारा. इंजेक्शन देणं, नळी घालणं हे तुमचं काम नाही. घरचे लोक सुई हातात देतील आणि म्हणतील, "मावशी, तेवढं टोचा ना." तेव्हा नाही म्हणा. घरोघरी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत काम घेतलंत तर तुमच्या रोजातून ते किती कापणार, महिन्याच्या सुट्ट्या किती, हे आधी कागदावर घ्या.

दोन लहान मुलं, रात्री दोनच तास मोकळे. शिवण शिकू की पार्लर? घरातूनच काम करायचं आहे.
एक भगिनी, घणसोली

शिवण. पार्लरचं गिऱ्हाईक तुमच्या वेळेला येत नाही, ते लग्नाच्या आदल्या दिवशी येतं. ब्लाऊज मात्र लगेच हाती घेऊ नका. कटोरी, प्रिन्सेस कट नीट बसायला वर्ष जातं, आणि एक बिघडवला तर अख्ख्या सोसायटीला कळतं. आधी पिको-फॉल. शिकायला थोडे आठवडे पुरतात आणि पैसा लगेच दिसतो. महापालिकेच्या समाजविकास विभागात महिलांच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. जन शिक्षण संस्थानचे वर्गही बघा. १९६७ साली वरळीत कामगारांसाठी श्रमिक विद्यापीठ निघालं, त्याच योजनेचं हे आजचं नाव, आणि कमी शिकलेल्या प्रौढांसाठी ते नाममात्र फीत किंवा फुकट शिकवतात. पिकोचं मशीन नवं घेऊ नका, आधी वापरलेलं बघा, पण मोटार चालवून, कापडाच्या तुकड्यावर टाका पाहूनच. आणि फॉल लावण्याआधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून घ्या. तसाच लावला तर पहिल्या धुण्यात आटतो, साडीचा काठ गोळा होतो आणि ती बाई दुसरी साडी घेऊन शेजारच्या गल्लीत जाते.